भुईतल्या तारेला तांब्याभर पाणी

हर्सूलच्या त्या गल्लीत बायांचा आठवडा सोमवारी सुरू होत नसे. नळाला पाणी आलं की तो सुरू व्हायचा आणि हंडे तळाला गेले की संपायचा. आठव्या दिवशी, कधी नवव्या, सकाळी दहाच्या सुमाराला नळ आधी खोकायचा, मग गुरगुरायचा. मग भिंतीपलीकडून शेजारच्या दगडाबाई आरोळी ठोकायच्या, "आलं वं, आलं!" की गल्लीतल्या वीस घरांच्या वीस मोटरी एकदम गुणगुणायला लागायच्या. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, आग्यामोहळ उठलंय.

रूपाच्या घरी त्या दिवशी सासूबाईंचा, आवडाबाईंचा, एक नेम असे. चपला पायरीवर काढायच्या, हळदीकुंकवाची करंडी घ्यायची, अंगणाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी नळाला बोट लावायचं आणि मगच पहिला हंडा मांडायचा. तरुणपणी खेड्यात कोस-दीड कोस चालून त्यांनी पाणी आणलेलं. पाण्यापुढं पायताण घालून उभं राहणं त्यांना सोसत नसे. कुंकू लावताना त्या आपल्याशीच गुणगुणायच्या:

"नळाच्या गं तोंडी आली माही गंगाबाई,
पायी पायताण नको, तिला भेटायाची घाई."

रूपाला ती ओवी आवडायची. होळीनंतर मात्र ती ऐकली की तिची नजर आधी ब्रेकरकडं जायची, कारण होळीनंतर घरातला ब्रेकर पडायला लागला होता.

रोज नाही. फक्त नळाच्या दिवशी. मोटर लावली, दोन हंडे भरले, अंगण वलं झालं की खट्! पंखा थांबे, फ्रिज मुका होई, नळाची धार करंगळीएवढी होई. वर करावा तर पुन्हा खट्. तोवर पाणी निघून जायचं आणि आवडाबाई रिकाम्या हंड्यांकडं अशा बघायच्या, जसं कुणी ताटावरून उठवलंय.

"लोड जास्त होतोय," रूपाचा नवरा राजकुमार म्हणायचा. तो चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला होता. "फ्रिज हाय, कूलर हाय, त्यात मोटर. ब्रेकर म्हातारा झालाय."

रूपाला ते पटलं नव्हतं. ती वायरमनची लेक होती. तिचे वडील साहेबराव पस्तीस वर्षं खांबावर चढून आता सोयगावला निवृत्त बसले होते. एका नळाच्या दिवशी तिनं त्यांना फोन लावला.

"आबा, सारखा पडतोय."

"कोणता पडतो? बारीक का मोठा?"

"टेस्टचं बटण हाय ना, त्यो."

"मग लोड नाय बेटा. लोड झाला की बारीक पडतो. त्यो मोठा पडला म्हंजी करंट कुठंतरी गळतोय. आता मी सांगतो तसं कर. सगळे बारीक खाली घे. मोठा वर कर. मग एकेक बारीक उचल, आन् कितव्याला मोठा पडतो ते मोज."

रूपानं तसं केलं. हॉलचा उचलला, काही नाही. स्वयंपाकघराचा, काही नाही. कूलरचा, फ्रिजचा, काही नाही. मोटरीचा उचलला, तोही राहिला. ती हसणार एवढ्यात अंगणातलं पाणी मोटरीच्या बुडाला लागलं आणि खट्.

"मोटरीचं वायंडिंग भिजलंय," आबा म्हणाले. "खोलून वाळवून घ्या. तवर लावू नका. आन् रूपा, अर्थिंगला पाणी घालतीस ना?"

घर बांधलं तेव्हा आबांनी स्वतः मागच्या भिंतीपाशी खड्डा खणला होता. कोळसा घातला, मीठ घातलं, नळी उभी केली आणि पोरीला बजावलं होतं, "तुळशीला घालतीस तसं हिला रोज तांब्याभर पाणी. भुई वली राहिली तर चुकलेला करंट भुईत जाईल. कोरडी पडली तर त्यो माणसाची वाट धरतो."

रूपा पाच वर्षं घालत आली होती. होळीच्या सुमाराला टंचाई वाढली तेव्हा आवडाबाईंनी तिच्या हातातला तांब्या धरला. "पाण्याचं तोंड बघायला आठ दिस लागत्यात, आन् तू खड्ड्याला पाजतीस? तुह्या बापाचा खड्डा लई तान्हेला हाय का?" त्या हसतच बोलल्या होत्या. पण तांब्या त्यांनी परत माठात ओतला आणि रूपानं वाद घातला नाही.

"घालतीस ना?" आबांनी पुन्हा विचारलं.

"घालते की," रूपा म्हणाली.

दोन शब्द. बोलताना त्यांना वजनच नव्हतं.

मोटर काही उघडली गेली नाही. पुढच्या नळाला राजकुमारची सुट्टी होती. त्यानं आदल्या दुपारी स्टूल घेऊन काहीतरी खुडबुड केली आणि हात झटकत म्हणाला, "आता पडून दाखव म्हणावं." खरंच पडला नाही. कंपनीचे जाड बूट घालून त्यानं स्वतः सगळे हंडे, टाकी, बादल्या भरल्या. आवडाबाई लेकावरून कौतुकानं बोटं मोडत होत्या. रूपाला वाटलं, नवा ब्रेकर बसवला असेल. विचारावं असं एकदा मनात आलं. पण भरलेल्या घरात असा प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही.

आणि आज पुन्हा नळ आला होता.

राजकुमार पहिल्या पाळीला गेलेला. कंपनीच्या गेटवरच मोबाईल जमा करावा लागे, म्हणजे तीनपर्यंत त्याचा पत्ता नाही. दगडाबाईंची आरोळी आली, रूपानं नळाशेजारच्या भिंतीवरचं मोटरीचं बटण दाबलं आणि कळशी विसळायला धारेखाली धरली. मनगट नळाला ओझरतं लागलं.

मुंग्या. मनगटापासून कोपरापर्यंत लाल मुंग्यांची रांग सर्रकन चढून गेली.

तिनं हात मागं घेतला. पायात रबरी चपला होत्या. तिनं त्या चपलांकडं पाहिलं, मग भोवतीच्या वल्या फरशीकडं. ब्रेकर पडला नव्हता. घरात पंखा फिरतच होता.

शिलाई मशीनच्या खणात आबांनी दिलेला टेस्टर होता. तिनं तो आणला आणि टोक नळाला टेकवलं. मुठीत इवलासा लाल दिवा लागला. देव्हाऱ्यातली वात लागावी तसा, शांत, स्थिर.

"काय करून राह्यली वं?" आवडाबाई करंडी घेऊन पायरीवर आल्या होत्या. "धार वाया चालली."

"आत्याबाई, तिथंच थांबा! नळाला करंट आलाय."

"करंट? मागल्या खेपेला राजूनं दोनशे लिटर भरलं, त्याला न्हाई आला? तुहं रगत पातळ झालंय. गूळ-शेंगदाणे खात जाय म्हणलं तर ऐकत न्हाईस."

"तुम्हाला माह्या गळ्याची आण हाय. पायरी उतरू नका."

आण घातल्यावर त्या थांबल्या, पण तोंड थांबलं नाही. "पाणी गेलं तर आठ दिस काय दगडाबाईच्या दारात उभी राहू? ती येक घागर देती आन् धा येळा सांगती." पलीकडून दगडाबाई ओरडल्या, "ऐकू येतंय बरं का मला!" आणि गल्ली मोटरींच्या घूंघूंनी भरून वाहत राहिली.

टेस्टर कमरेला खोचून रूपानं घरात जाऊन फोन लावला.

"आबा, नळाला टेस्टर पेटतोय."

"चपला हाय का पायात?" आबांनी आधी तेच विचारलं.

"हायत."

"ब्रेकर पडला?"

"न्हाई."

आबांचा आवाज एकदम खाली आला, खांबावरच्या माणसाशी बोलायचे तसा. "मोटरीच्या बटणाला जाऊ नको, त्यो वल्ल्यात हाय. घरातला मेन पाड. सगळं बंद. मग मला सांग."

रूपानं फोन फ्रिजवर ठेवला, तसाच चालू. पाटावर उभी राहून मेन पाडला. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. फ्रिज गप्प झाला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं तिला वाटलं. मोटरीची घूंघूं कानावर येत होती, पण ती तर साऱ्या गल्लीची होती. दगडाबाईंची, त्यांच्या पुढल्या घरची, त्याच्याही पुढल्या.

"बंद केलं, आत्याबाई!" तिनं आतूनच हाक दिली. "झालं बंद!"

फोनमधून आबा काहीतरी म्हणत होते. ती फोनकडं वळली.

"टेस्टर लावून बघितलं का? रूपा, पाडल्यावर पुन्हा टेस्टर लावायचा. आधी टेस्टर, मग हात..."

ते वाक्य संपायच्या आत तिच्या कानात काहीतरी वेगळं वाजलं. साऱ्या गल्लीच्या गुणगुणण्यात एक आवाज जवळचा होता. खिडकीखालचा. तो आवाज ती रोजच्या भांड्यासारखा ओळखत होती. त्यांचीच मोटर. मेन खाली होता, घर मेलेलं होतं आणि मोटर चालू होती.

ती ओसरीत धावली.

पायरीवर आवडाबाईंच्या चपला होत्या. जोडीनं, नीट मांडलेल्या.

आवडाबाई नळापाशी वाकलेल्या होत्या. हळदीकुंकवाचं बोट नळाला लागलं होतं आणि बाकीची बोटं आपोआप नळाभोवती मिटली होती. करंडी पाण्यात पडून लाल-पिवळा ओघळ मोरीकडं निघाला होता. त्या ओरडत नव्हत्या. नुसत्या थरथरत होत्या, जात्याची खुंटी थरथरते तशा. डोळे उघडे होते आणि ते रूपाकडंच होते.

रूपाचा अख्खा देह पुढं झाला. सात पावलं. सात पावलांत ती त्यांना मिठी मारून ओढू शकली असती.

आणि तिला कडूबाकाका आठवले. आबांचे जोडीदार, दारात आले की तिला खांद्यावर घेणारे. सोयगावच्या एका मळ्यात एका पोराला तारेनं धरलं आणि त्याला ओढायला कडूबाकाका धावले. दोघांनाही एकाच झाडाखाली झाकून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी आबांनी नऊ वर्षांच्या रूपाला समोर बसवून एकच गोष्ट तीनदा म्हणायला लावली होती: धरलेल्याला हात लावायचा नाही. आधी करंट. आधी करंट. आधी करंट.

करंट कुठून येत होता? मोटरीपासून एक काळी वायर भिंतीवरून निघून खिडकीच्या वरून ओसरीत आली होती. टीव्हीची केबल समजून तिनं आठवडाभर तिच्याकडं पाहिलंही नव्हतं. ती वायर ब्रेकरकडं गेलीच नव्हती. ती रूपाच्या पाठीमागं, ओसरीच्या भिंतीवरच्या मीटरखाली, चिनी मातीच्या पांढऱ्या फ्यूजपाशी जाऊन चिकटपट्टीत गुंडाळली होती. ब्रेकर पडू नये म्हणून राजकुमारनं मोटर ब्रेकरच्या आधीच जोडून टाकली होती.

तिला वळावं लागलं. त्या उघड्या डोळ्यांना पाठ करावी लागली. आयुष्यात तिनं टाकलेली सर्वांत जड पावलं ती तीनच होती, आणि ती आवडाबाईंपासून लांब जाणारी होती.

डावा हात पाठीमागं. हेही आबांचं. एका हातानं काम, दुसरा हात मागं, म्हणजे करंटला छातीतून वाट मिळत नाही. उजव्या हातानं तिनं पांढरी मूठ धरली. फ्यूज घट्ट बसलेला, हलेना. "आई गं," ती म्हणाली, आणि कुठल्या आईला हाक मारली हे तिलाही कळलं नाही. पुन्हा ओढला. ठिणगी उडाली आणि फ्यूज हातात आला.

खिडकीखालची मोटर उसासा टाकून थांबली. मागं काहीतरी धप्पकन पडलं.

तिनं वळून पाहिलं, तर आवडाबाई पाण्यात कुशीवर पडल्या होत्या. रूपा धावत सुटली. नळाजवळ पोचल्यावर कमरेच्या टेस्टरला तिनं आधी हात घातला. एवढ्या घाईतही तिनं टोक नळाला टेकवलं. अंधार. मगच तिनं गुडघे टेकले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तळव्यावर नळाच्या गोलाईचा पांढरट डाग उठला होता. नाकाशी बोटं धरली. काही नाही. काही नाही. मग ऊब.

"दगडाबाई!" तिनं किंचाळी फोडली. "रिक्षा बोलवा वं, रिक्षा!"

फ्रिजवरच्या फोनमधून आबा एकसारखे विचारत होते, "रूपा? रूपा? बोल बेटा. रूपा?"

*

दवाखान्यात आवडाबाईंना दोन रात्री ठेवून घेतलं. हृदयाचे ठोके चुकत होते, मग हळूहळू सरळ झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "पाणी गेलं का?" दगडाबाईंनी डोळे पुसत सांगितलं, "तुमची टाकी म्या माह्या पाइपानं भरली. आता धा येळा सांगणार हाय, ऐकून घ्या." खाटेभोवतीचे सगळे हसले, फक्त रूपाला हसू आलं नाही. आवडाबाई सगळ्यांशी बोलत होत्या. तिच्याशी नाही. तिनं पाणी पाजलं की पीत होत्या आणि नजर खिडकीकडं वळवत होत्या.

आबा त्याच संध्याकाळी सोयगावहून एसटीनं आले होते. घरी जाऊन त्यांनी काळी वायर उतरवली, गुंडाळली आणि राजकुमारच्या हातात दिली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जावईबापू, त्यो ब्रेकर पडत नव्हता. त्यो तुम्हाला हाका मारीत होता." राजकुमार ओसरीत खाली बसला आणि वायरीचं ते वेटोळं त्याच्या मांडीवर कितीतरी वेळ तसंच राहिलं.

मग आबा मागच्या भिंतीपाशी गेले. खड्ड्यावरची फरशी उचलून त्यांनी मातीत बोट घातलं. माती पिठासारखी झरझर गळाली. त्यांनी मान वर करून लेकीकडं पाहिलं.

"घालते म्हणालीस."

सासूबाईंनी तांब्या धरला होता हे रूपाच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. तांब्या त्यांनी धरला होता. खोटं ती बोलली होती. "बंद केलं" असं तीच म्हणाली होती, टेस्टर न लावता. रात्रभर तिला तो आवाज ऐकू येत राहिला, साऱ्या गल्लीच्या आवाजात लपलेला एक जवळचा आवाज. आणि त्याहून वाईट, ते उघडे डोळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई घरी आल्या. हाताला पट्टी. मोटर दुकानात वाळत पडली होती, ब्रेकर आपल्या जागी होता आणि आबांनी बटण दाबून तो पडतो हे सगळ्यांना दोनदा दाखवलं होतं. रूपा गादी घालत होती. घरात दोघीच होत्या.

"रूपा."

तीन दिवसांत पहिल्यांदा नाव घेतलं.

"मला समदं दिसत व्हतं. जीभ उचलत नव्हती, पर दिसत व्हतं. तू आलीस. मला वाटलं, आली माही पोरगी. आन् तू पाठ फिरवलीस. मला वाटलं, चालली ही. मला सोडून चालली."

रूपा गादीच्या कडेवर बसली. उशीचा अभ्रा हातात तसाच राहिला.

"आत्याबाई, मी धरलं असतं तर..."

"तुह्या बापानं सांगितलं मला काल. कडूबाचंबी सांगितलं. पर समजलं तरी ती पाठ दिसतीच गं. डोळे मिटले की दिसती. मी काय करू?"

रूपालाही डोळे मिटले की दिसत होतं. एकीला पाठ, एकीला डोळे. तिनं फक्त त्यांचा पट्टीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. घट्ट. त्या दिवशी धरता आला नव्हता, तो आज धरला. आवडाबाईंनी तो काढून घेतला नाही. बाहेर दगडाबाई कुणाला तरी टाकी भरल्याची गोष्ट चौथ्यांदा सांगत होत्या.

"उठव मला," शेवटी आवडाबाई म्हणाल्या.

रूपाला वाटलं, न्हाणीत जायचं असेल. पण त्या माठाकडं वळल्या. पाणी यायला अजून पाच दिवस होते, माठ अर्ध्यावर आलेला. त्यांनी डाव्या हातानं तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि भिंतीला धरत धरत मागच्या दाराशी गेल्या. दाराशी थांबून त्यांनी पायांकडं पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि रूपाच्या रबरी चपला पायांत सरकवल्या.

खड्ड्याशी पोचल्यावर त्यांनी धार सोडली, बारीक, सावकाश. मातीनं चुर्रर्र आवाज करत ती पिऊन टाकली. त्यांचे ओठ हलत होते. आधी नुसता श्वास आला, मग सूर:

"भुईच्या पोटामंदी तार निजली तान्हुली,
तांब्याभर पाणी तिला पाजीते माउली."

"आणखी येक आण," त्या मागं न बघता म्हणाल्या. "लई तान्हेली हाय."

रूपा दुसरा तांब्या आणायला वळली, आणि वळताना तिला जाणवलं की आपण पुन्हा त्यांना पाठ करतोय. ती दाराशी थांबली.

"आत्याबाई, आणायला चालले. लगेच येते."

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. "सांगून जात जाय."

रूपानं माठापाशी जाऊन हात पुढं केला. माठाला बुडाशी नळ होता, पितळी, साधा, कुठल्याच तारेला न जोडलेला. तरी तिनं आधी बोटांची मागची बाजू त्याला अलगद टेकवून पाहिली आणि मगच तो उघडला.